अंधारातले कंत्राट

डीपी जळाली, की आपल्या गावात पहिल्या दिवशी वायरमनची वाट पाहिली जाते, दुसऱ्या दिवशी वर्गणी काढायचे बोलणे निघते आणि तिसऱ्या दिवशी पारावर कोणीतरी म्हणतो, ‘‘आपला एक माणूस हाय. रातोरात बसवून देतो. पैशाचं मागनं बघू.’’ उभा ऊस डोळ्यांदेखत वाळत असताना त्या माणसाकडे दरपत्रक कोणी मागत नाही. मागू नये असेच त्या घटकेला सर्वांना वाटते. पुढे बिल आले म्हणजे मात्र तोंडे लांब होतात.

असाच प्रसंग २०१७ साली एका अख्ख्या बेटावर आला. तेथे एखादी डीपी जळाली नव्हती, बेटाची सारी वीजव्यवस्थाच आडवी झाली होती; आणि ‘आपला एक माणूस हाय’ असे म्हणण्याची पाळी तेथील सरकारी वीज संस्थेवर आली. त्या कंत्राटाचा पुढे एवढा गवगवा झाला की अमेरिकेच्या संसदेपर्यंत ते प्रकरण गेले. आपल्या पत्रिकेत परदेशची हकीकत कशाला, असे काही सभासद म्हणतील. लागण, खोडवा, ठिबक सोडून हे काय काढले, असेही म्हणतील. परंतु खरेदी, निविदा आणि ऑडिट हे तीन शब्द ज्यांच्या वार्षिक सभेत दरसाल निघतात, त्यांना ही हकीकत परकी वाटू नये.

बेटाचे नाव पोर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातले हे बेट आकाराने आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा किंचित मोठे. वस्ती त्या वेळी सुमारे तेहतीस लाख. १८९८ साली स्पेनकडून ते अमेरिकेच्या ताब्यात गेले. तेथील लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. आणि आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे, हे एके काळचे उसाचे आगर! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या बेटावर जिकडे पाहावे तिकडे ऊस आणि कारखान्यांची धुराडी. पुढे एकेक कारखाना बंद पडत गेला आणि शतक संपता संपता ती कारखानदारीही संपत आली. ज्या याबुकोआच्या किनाऱ्यावर २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ वादळ आदळले, ते खोरेदेखील जुने उसाचेच. तेथेही साखर कारखाना होता.

वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर. पंधराच दिवसांपूर्वी ‘इर्मा’ नावाचे दुसरे वादळ बेटाच्या उत्तरेकडून घासून गेले होते आणि त्यानेच सुमारे दहा लाख ग्राहकांची वीज गेली होती. ती पुरती परत येते न येते तोच हे दुसरे संकट. मारियाने साऱ्याच्या साऱ्या, सुमारे पंधरा लाख वीजग्राहकांना अंधारात लोटले. एक दिवाही शिल्लक राहिला नाही, असे म्हटले तरी चालेल. ज्यांच्या घरी जनरेटर होता तेवढेच अपवाद.

या बेटाच्या वीजव्यवस्थेची ठेवण समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. मोठी वीजकेंद्रे बरीचशी दक्षिण किनाऱ्यावर आणि विजेची मोठी मागणी उत्तरेला, राजधानी सान हुआनच्या बाजूला. मध्ये डोंगरांची रांग आणि तिच्यावर दाट झाडी. दक्षिणेची वीज उत्तरेला न्यायची तर मनोऱ्यांवरून, डोंगर ओलांडून न्यावी लागते. उच्च दाबाच्या वाहिन्या सुमारे चार हजार किलोमीटर आणि गावोगाव वाटपाच्या तारा पन्नास हजार किलोमीटरच्या घरात. वर्षानुवर्षे झाडांची छाटणी नीट नाही, जुने मनोरे बदललेले नाहीत, कुशल वायरमन नोकरी सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर निघून गेलेले. म्हणजे वादळाने जे पाडले ते आधीच खिळखिळे झालेले होते.

आणि हे सारे ज्या संस्थेच्या हाती होते, ती संस्था कर्जात गळ्यापर्यंत बुडालेली. १९४१ साली स्थापन झालेली ही सार्वजनिक मालकीची वीज संस्था. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘प्रेपा’ म्हणतात. तिच्या डोक्यावर सुमारे ९०० कोटी डॉलरचे कर्ज होते. वादळाच्या दोनच महिने आधी, जुलै २०१७ मध्ये, तिने दिवाळखोरीसाठी न्यायालयाचे दार ठोठावले होते. आपल्याकडे एखाद्या कारखान्याची पत गेली म्हणजे काय होते ते आपण जाणतो. बारदानाचा व्यापारी रोखीशिवाय माल उतरवीत नाही आणि तोडणीचा मुकादम उचल हातात पडल्याशिवाय टोळी आणत नाही. प्रेपाची तीच गत होती.

आता अंधाराचे सांगतो. विजेवर काय काय चालते हे वीज गेल्यावरच कळते. पाणी चढवायचे पंप बंद. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त शुद्ध करणारी यंत्रे बंद. घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेली म्हातारी माणसे, मधुमेहाचे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवणारी माणसे, त्यांचे काय झाले असेल ते पाहा. सरकारने प्रथम मृतांचा आकडा ६४ सांगितला. तो कोणालाच पटेना. पुढे सरकारनेच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडून पाहणी करून घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आलेला २,९७५ हा अंदाज अधिकृत म्हणून स्वीकारला. छपरे उडून, पुरात वाहून मेलेली माणसे यातली थोडी. बाकीची त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत, औषधपाण्यावाचून गेली. म्हणून ते कंत्राट कोणाला दिले आणि कसे दिले, हा प्रश्न नुसता पैशांचा नाही.

सावड सोडून कंत्राट

अमेरिकेत वीज कंपन्यांमध्ये एक जुनी रीत आहे. एका राज्यात वादळ झाले, की दुसऱ्या राज्यांतल्या वीज कंपन्या आपले वायरमन, ट्रक, शिड्या घेऊन मदतीला धावतात. खर्च ठरलेल्या हिशेबाने घ्यायचा, नफा लावायचा नाही. आज तुझ्यावर पाळी, उद्या माझ्यावर. आपल्याकडे याला सावड म्हणतात. मोठ्या नांगरटीसाठी गावचे बैल एका शेतात जुंपायचे, त्याला इर्जिक म्हणत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडचे खांब झोपवले तेव्हा इतर जिल्ह्यांतली महावितरणची माणसे तिकडे गेली, तोही त्यातलाच प्रकार. त्याच २०१७ सालच्या सप्टेंबरात फ्लोरिडात इर्मा वादळ झाले तेव्हा हजारो वायरमन परराज्यांतून असे आले आणि बहुतेकांचे दिवे काही दिवसांतच लागले.

पोर्तो रिकोने मात्र ही सावड सुरुवातीस बोलावली नाही. का नाही, यावर पुष्कळ वाद झाला. बेटावर ट्रक चालवत येता येत नाही, बोटीने आणावे लागतात, हे खरेच. आलेल्या माणसांची राहण्या-जेवण्याची सोय यजमानाने करायची असते. येथे हॉटेलेही अंधारात होती. आणि खर्च पुढे मध्यवर्ती सरकारकडून मिळाला तरी आधी हातात पैसा हवा, तो प्रेपाकडे नव्हता. तेव्हा संस्थेचे कार्यकारी संचालक रिकार्डो रामोस यांनी दुसरी वाट धरली. खाजगी कंत्राटदार गाठला.

त्या कंत्राटदाराचे नाव ‘व्हाइटफिश एनर्जी’. बेटापासून हजारो किलोमीटर दूर, मोंटाना राज्यातल्या व्हाइटफिश याच नावाच्या छोट्या गावातली कंपनी. स्थापना २०१५ ची. वादळ झाले त्या दिवशी कंपनीचे पूर्णवेळ नोकर किती? दोन. होय, दोन. बाकी सारे काम पोट-कंत्राटदारांकडून माणसे आणून करायचे. २६ सप्टेंबरला, म्हणजे वादळानंतर सहाव्या दिवशी, करार झाला. ऑक्टोबरात तो वाढवून ३० कोटी डॉलरपर्यंतचा झाला. तेव्हाच्या भावाने आपले एकोणीसशे कोटी रुपयांहून अधिक.

रामोस यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की त्या घटकेस हाताशी असलेल्यांपैकी दुसऱ्या कंपनीने अडीच कोटी डॉलरची हमी आधी मागितली. व्हाइटफिशने आगाऊ काही मागितले नाही आणि डोंगरातल्या कामाचा तिला अनुभव होता. हे उत्तर मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला नाही, कीव आली. पत नसलेल्या माणसाला दुकानदार निवडता येत नाही. जो उधार देतो तोच त्याचा दुकानदार. आणि उधार देणारा त्याची किंमत मालात लावतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ती कशी लावली ते पाहा. पोट-कंत्राटदाराच्या एका वायरमनचा दर ताशी ३१९ डॉलर. त्या वेळच्या भावाने एका तासाचे वीस हजार रुपये. मुकादमाचा म्हणजे पर्यवेक्षकाचा ताशी ४६२ डॉलर. राहण्याचे प्रत्येक माणसामागे एका रात्रीचे ३३२ डॉलर, जेवणाचे दिवसाला सुमारे ८०, आणि विमानाने यायचे एका वेळचे हजार डॉलर. यातले ३१९ डॉलर तारेवर चढणाऱ्या माणसाच्या हातात पडत होते असे नव्हे. त्याला मिळे त्याच्या कितीतरी कमी. वरचे सगळे मधल्या मध्ये.

दर जास्त होते यात शंका नाही. कंपनीचे म्हणणे असे की बेटावर काही मिळत नाही, सगळे बाहेरून आणायचे, धोक्याचे काम, रात्रंदिवस राबणूक. मग दर जास्तच असणार. यातही तथ्य आहे. संकटात दर चढतात. पण जास्त म्हणजे किती जास्त, हे तपासायचे कोणी?

कोणी तपासायचे नाही!

येथे मी जरा थांबतो, कारण माझी नोकरी खरेदी विभागात गेली आणि या एका मुद्द्यावर माझ्या रात्री गेल्या आहेत.

एका हंगामात, जानेवारीच्या थंडीत, रात्री दोनच्या सुमाराला मिलच्या गिअरबॉक्सचे दात तुटले. यार्डात तीनशेच्या वर गाड्या उभ्या. बैलगाडीवाले शेकोट्या करून बसलेले. गव्हाण थांबली. अशा वेळी वर्तमानपत्रात निविदा द्यायची, एकवीस दिवस थांबायचे, तीन लखोटे फोडायचे, हे कोणाला सुचेल? चीफ इंजिनिअर साहेबांनी शेजारच्या कारखान्याला फोन लावला. त्यांच्याकडचा जादा सेट त्यांनी हंगामभर उसना दिला. ही आमची सावड. बसवायला बाहेरची वर्कशॉपवाली माणसे रातोरात आणली, दर ठरवला तोंडी, दिवसाच्या अडीच पट. मी त्या रात्री एवढेच केले, की एका चारआणी वहीत कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, ते लिहून त्या त्या माणसाची सही किंवा अंगठा घेतला. साहेब चिडले. म्हणाले, ‘‘अरे, हितं मिल बंद पडलीय आन् तू हजेरी घेतोस व्हय?’’

पुढे ऑडिटरने त्यावर आक्षेप काढलाच: निविदा नाही, दर अवाजवी. दोष दुरुस्ती अहवालात आम्ही ती वही जोडली. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारे सभासद उठले, शिक्षण जेमतेम चौथी. म्हणाले, ‘‘रातीचा दर दिला, त्याचं काय नाय. मिल बंद हुती. पर किती राती दिला, ते सांगा.’’ वही वाचून दाखवली. चार रात्री. म्हातारे म्हणाले, ‘‘मग ठीक हाय,’’ आणि खाली बसले.

प्रेपा आणि व्हाइटफिश यांच्या करारपत्रात असे लिहिले होते, की मजुरीच्या दरांत खर्च किती आणि नफा किती, हे तपासण्याचा अधिकार कोणालाही असणार नाही. कोणालाही म्हणजे कोणाला? प्रेपाला नाही. बेटाच्या सरकारला नाही. अमेरिकेचे आपत्ती निवारण खाते, ज्याला ‘फेमा’ म्हणतात आणि ज्याच्या पैशावर हे सारे व्हायचे होते, त्याच्या प्रमुखाला नाही. आणि देशाच्या महालेखापालालाही नाही! आपल्याकडे सहकार कायद्याचे कलम ८१ आहे म्हणून ऑडिटर दारात येतो. येथे करारातच दाराला कुलूप घातले होते.

आणखीही होते. काम वेळेत झाले नाही तर त्याबद्दल प्रेपा काही दावा करणार नाही, असे लिहून दिलेले. फेमाने हा करार पाहून मान्य केला आहे, असेही लिहिलेले. फेमाने सांगितले, आम्ही असे काही मान्य केलेले नाही.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म या एका कलमात आहे. विनानिविदा दिले, हे त्या परिस्थितीत क्षम्य होते. अमेरिकेचे नियमही तातडीच्या वेळी निविदेवाचून काम द्यायला मोकळीक देतात; मात्र दर वाजवी आहे याची खात्री करा आणि कागद ठेवा, एवढी अट घालतात. दर चढा होता, त्यावरही घासाघीस होऊ शकली असती. पण तपासूच नका, असे जो लिहून घेतो आणि जो लिहून देतो, त्या दोघांकडे कितीही चांगले काम झाले तरी लोक संशयाने बघणारच.

तसे ते बघू लागले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करारपत्राची प्रत बाहेर फुटली. त्यात आणखी एक तेल पडले. अमेरिकेचे तेव्हाचे अंतर्गत खात्याचे मंत्री रायन झिंकी (तिकडे हे जमीन-जंगलांचे खाते) त्याच व्हाइटफिश गावचे. कंपनीच्या प्रमुखाशी ओळख, आणि मंत्र्यांच्या मुलाने एका उन्हाळ्यात त्याच्याकडे काम केलेले. मंत्र्यांनी या कंत्राटात आपला काहीही हात नाही असे स्पष्ट सांगितले. लहान गावात सगळेच सगळ्यांना ओळखतात, हे खरे. पण हिशेबाची वही बंद असली म्हणजे ओळखसुद्धा पुरावा वाटू लागते.

सान हुआनच्या महापौर कार्मेन युलिन क्रूझ यांनी हे कंत्राट रद्द करा म्हणून जाहीर मागणी केली. त्यावर कंपनीने जे उत्तर दिले ते वाचून माणूस थक्क होतो. तुमच्या शहरात आमचे इतके वायरमन काम करताहेत, त्यांना परत पाठवू की काम करू देऊ, अशा अर्थाचे ते जाहीर उत्तर होते. पुढे कंपनीने माफी मागितली. पण बोलून गेले ते गेलेच. कंत्राटदाराने अंधारात बसलेल्या गावाला असे विचारावे!

२९ ऑक्टोबर २०१७ रोजी बेटाचे गव्हर्नर रिकार्डो रोसेयो यांनी करार रद्द करायला सांगितले आणि प्रेपाने तो रद्द केला. त्याच वेळी न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा राज्यांकडे मदत मागितली. म्हणजे जी सावड पहिल्या आठवड्यात बोलवायची, ती सहाव्या आठवड्यात बोलावली. ती माणसे, ते ट्रक बोटींवर चढून यायला पुढे आणखी आठवडे गेले. बरीच मदत २०१८ उजाडल्यावर पोचली. या विलंबाची रक्कम कोणत्याही बिलात दिसत नाही.

करार रद्द झाला तरी हाती घेतलेले काम कंपनीने पुरे करायचे ठरले होते. ९ नोव्हेंबरला, तिने दुरुस्त केलेली एक मुख्य वाहिनी बंद पडली आणि जेमतेम चाळीस टक्क्यांपर्यंत आलेली वीज एकदम अठरा टक्क्यांवर घसरली. आमच्या कामात दोष नव्हता, असे कंपनीने सांगितले. १७ नोव्हेंबरला रामोस यांनी राजीनामा दिला. आणि २० नोव्हेंबरला व्हाइटफिशने थकबाकीसाठी काम थांबवले. आमचे ८ कोटींहून अधिक डॉलर अडकले, असे तिचे म्हणणे. जिने आगाऊ मागितले नव्हते, तिचेच पैसे बुडायची वेळ आली. न्यायाला धरून एक गोष्ट नोंदवली पाहिजे: कंपनीची साडेतीनशेवर माणसे बेटावर राबत होती आणि डोंगरातल्या काही अवघड वाहिन्या त्यांनी खरोखर उभ्या केल्या. तारेवर लोंबकळणाऱ्या वायरमनचा या भानगडीत काय दोष?

व्हाइटफिश गेली म्हणून सारे सुरळीत झाले, असेही नाही. दुसरे मोठे कंत्राट ‘कोब्रा’ नावाच्या, ओक्लाहोमातल्या एका तेल-वायू क्षेत्रातील कंपनीच्या शाखेला गेले होते. सुरुवात २० कोटी डॉलरने. वाढत वाढत दोन करार मिळून ते सुमारे १८० कोटी डॉलरवर गेले. व्हाइटफिशच्या सहापट! पण ओरड झाली ती व्हाइटफिशची, आणि हे मागच्या दाराने वाढत राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये कोब्राचा अध्यक्ष आणि फेमाची एक वरिष्ठ अधिकारी या दोघांना अटक झाली. बेटाचे वीजकाम पाहणाऱ्या या अधिकारी बाईंनी कोब्राला काम मिळावे म्हणून दबाव आणला आणि बदल्यात विमानप्रवास, हॉटेल असे लाभ घेतले, असे आरोपपत्रात होते. लाचेच्या मूळ आरोपांऐवजी गैरलाभ दिल्या-घेतल्याचा सौम्य गुन्हा दोघांनी २०२२ मध्ये कबूल केला. म्हणजे ज्या खात्याने व्हाइटफिशच्या करारावर बोट ठेवले, त्याच खात्यातले माणूस दुसऱ्या कंत्राटात सापडले. चौकीदारावर चौकीदार नेमावा लागतो तो यासाठी. २०२० साली मध्यवर्ती महानिरीक्षकांच्या लेखापरीक्षणात व्हाइटफिश आणि कोब्रा, दोन्ही करार नियमांना पुरते धरून नव्हते, असा निष्कर्ष निघाला.

खांब, तारा, खिळे यांचाही तुटवडा होता. असे असताना ६ जानेवारी २०१८ रोजी मध्यवर्ती सरकारची माणसे प्रेपाच्या पालो सेको येथील गोदामात शिरली, तर आत दुरुस्तीचे पुष्कळ सामान सापडले. आम्ही काही दडवले नव्हते, असे प्रेपाचे म्हणणे. गोदामाची स्टॉक बुके रोजच्या रोज लिहिलेली असती तर कोणाला धाड घालावी लागली नसती, हे खरेदी विभागात आयुष्य गेलेल्या माणसाचे मत.

बेटावरची वीज पूर्ववत व्हायला जवळजवळ अकरा महिने लागले. अमेरिकेच्या इतिहासातला तो सर्वांत लांब अंधार. ऑगस्ट २०१८ मध्ये डोंगरातल्या शेवटच्या वस्त्यांमध्ये दिवे लागले तेव्हा पुढच्या वादळाचा मोसम सुरू झालेला होता.

वाटपाचे आणि वहनाचे काम १ जून २०२१ पासून ‘लुमा’ या खाजगी कंपनीकडे पंधरा वर्षांच्या कराराने देण्यात आले. १८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘फियोना’ वादळ आले आणि पुन्हा अख्खे बेट अंधारात गेले. कोब्राच्या मालक कंपनीशी बिलांचा तंटा मिटायला २०२४ उजाडले. सुमारे १९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वादळाच्या वर्षी शाळेत घातलेली मुले तोवर सातवी-आठवीत गेली असतील. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला पहाटे, वादळ नाही, पाऊस नाही, तरी बेटाच्या मोठ्या भागाची वीज गेली. १६ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरचा सण चार दिवसांवर असताना, सगळ्या बेटाची पुन्हा एकदा गेली.